पाण्यांतील पारध

“पाण्यांत राहून माशाशीं वैर करूं नये” ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. परंतु ती उच्चारणाऱ्या शंभर माणसांपैकीं नव्याण्णवांनीं पाण्याखालीं डोळे उघडून मासा कधीं पाहिलेला नसतो. आम्हां पुणेकरांचें तर विचारूंच नये. मत्स्यावतार आम्हांस ठाऊक, द्रौपदीच्या स्वयंवरांतला मत्स्यवेध ठाऊक, शफरी, तिमिंगिल, विद्रुम हे शब्द अमरकोशाच्या कृपेनें लहानपणींच पाठ. पण समुद्र म्हणून जो कांहीं पदार्थ आहे त्याच्याशीं आमचा संबंध गणपतिपुळ्यास गुडघाभर पाण्यांत उभें राहून धोतर भिजूं न देण्यापुरताच. त्या गुडघाभर पाण्याच्या पलीकडे, हातांत भाला घेऊन आणि छातींत एकच श्वास कोंडून, माशाशीं खरोखरच वैर करावयास उतरणारीं माणसें आहेत, आणि त्यांत आतां आपल्या घरांतलीं मुलेंही आहेत, म्हणून हा विषय काढला आहे.

प्रसंग असा घडला. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांतील नातू नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांत, क्वीन्सलँड प्रांतांत, राहतो. सुटीच्या दिवशीं तो आपल्या एका मित्रासह प्रवाळांच्या खडकांवर जातो आणि भाल्यानें मासे मारतो, ही गोष्ट त्याच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून घरांत फुटली. मग काय विचारतां! आजीबाईंचा प्रश्न हिंसेचा, आईचा प्रश्न जिवाच्या भीतीचा, काकांचा प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ हा, आणि चुलत भावंडांचा प्रश्न ‘आम्हांला केव्हां नेणार’ हा. आजोबा आमच्याकडे आले. सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें या बाबतींत मत द्यावें ही अपेक्षा जरा अवघडच होती. परंतु आमच्या शेजारींच या विषयांतले एक अधिकारी पुरुष राहतात, त्यांच्याकडे आम्हीं धांव घेतली. पुढें जें लिहिलें आहे त्यांतला अनुभव बहुतेक त्यांचा; पुस्तकें चाळण्याचा उद्योग तेवढा आमचा.

हे आमचे स्नेही मूळचे मालवणचे, सारस्वत. तेव्हां मत्स्याहाराविषयीं त्यांचा आमचा वाद चाळीस वर्षें चालू आहे व तो मिटावा अशी दोघांचीही इच्छा नाहीं. तरुणपणीं सरकारी नोकरीनिमित्त त्यांनीं तीन वर्षें लक्षद्वीपांत काढिलीं. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटें, सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या पुणें शहराचा एक कोपरा भरेल न भरेल. त्यांतल्या दहा बेटांवर वस्ती. परंतु त्या बेटांच्या कुशींत जें उथळ, पांचूसारखें पाणी प्रवाळांच्या तटानें कोंडून ठेविलेलें आहे, त्याचा विस्तार सुमारें ४,२०० चौरस किलोमीटर भरतो. बेट बहुधा पूर्वेच्या कडेला आणि हें सरोवर पश्चिमेला. तटाच्या आंत पाणी कमरेइतकें, तट ओलांडला कीं समुद्राचा तळ एकदम खालीं जातो. त्या कड्याच्या तोंडाशींच मोठे मासे फिरतात, आणि पारधीही तेथेंच चालते.

येथें एका शंकेचें निरसन करूं. प्रवाळ म्हणजे खडक नव्हे, आणि मंगळासाठीं आपण अंगठींत घालतों तें पोंवळेंही नव्हे. तें तांबडें पोंवळें निराळ्या जातीचें व बहुधा भूमध्य समुद्रांतलें. खडक बांधणारें प्रवाळ म्हणजे मोहरीएवढ्या-वाटाण्याएवढ्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी आपल्याभोंवतीं चुन्याची वाटी बांधतो, मरतो, आणि त्याच्या वाटीवर पुढची पिढी आपली वाटी बांधते. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून तें शैवाल यजमानाला पोसतें. म्हणून प्रवाळाला पाणी ऊबदार पाहिजे, स्वच्छ पाहिजे आणि ऊनही पाहिजे. हजारों वर्षांच्या अशा वाट्यांवर वाट्या रचून लक्षद्वीप झालें आहे. एकत्र कुटुंबाचें याहून चिवट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

आतां पारधीचें साधन. डोळ्यांवर व नाकावर बसणारा काचेचा मुखवटा, तोंडांत धरावयाची वांकडी श्वासनळी, पायांत बदकाच्या पंजासारखीं रबरी वल्हीं, आणि हातांत भाला. भाला कधीं नुसता, कधीं मागें रबराचा फांस लावून बेचकीसारखा सोडण्याचा, तर कधीं बंदुकीसारख्या दांड्यावर बसवून ताणलेल्या रबरी पट्ट्यांनीं उडविण्याचा. भाल्याला दोरी. हवेचें नळकांडें पाठीवर बांधून ही पारध करणें खऱ्या पारध्यांत कमीपणाचें समजतात, आणि क्वीन्सलँडांत तर तें कायद्यानेंच मना आहे. एक श्वास माणसाचा, एक जीव माशाचा, असा तो सौदा आहे.

भाल्यानें मासा मारणें हें माणसाचें अतिशय जुनें कसब आहे. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गांत मृगाचा पहिला पाऊस पडला, ओढ्यांना पूर आला कीं मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्या रात्रीं गांवचे लोक बत्त्या घेऊन ओढ्यांत उतरतात, कोणाच्या हातीं जाळें, कोणाच्या हातीं कोयता. लक्षद्वीपांत ओहोटीच्या वेळीं बायकामाणसेंसुद्धां उघड्या पडलेल्या खडकावर हिंडून लोखंडी सळईनें बिळांतले अष्टपाद काढितात. अष्टपाद बिळांत बसला कीं दाराशीं शिंपल्यांचा उकिरडा करून ठेवितो, त्यावरून तो सांपडतो. घराची स्वच्छता न ठेवण्याचें फळ!

वरून मासा मारणाऱ्याला जी पहिली गोष्ट शिकावी लागते ती मात्र आमच्या शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकवीत. अर्जुनानें खालच्या पाण्यांत पाहून वरच्या माशाचा डोळा फोडला अशी कथा आपण सांगतों. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींत मासा नाहीं, आकाशांत टांगलेलें यंत्र आणि एक लक्ष्य एवढेंच आहे. मासा लोकांनीं मागाहून घातला, आणि आम्हांस तो काढून टाकवत नाहीं.) अर्जुनाचा प्रश्न प्रतिबिंबाचा होता. कोयत्यानें चढणीचा मासा मारणाऱ्या पोराचा प्रश्न वक्रीभवनाचा, आणि तो अधिक अवघड. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाशाचा किरण वांकतो, त्यामुळें चार हात खोल असलेला मासा तीनच हात खोल दिसतो. दिसतो तेथें भाला मारला तर तो माशाच्या डोक्यावरून जातो. तो दिसतो त्याच्या खालींच मारावा लागतो. बरें, मुखवटा घालून पाण्याखालीं गेलें म्हणून सुटका नाहीं. काचेमागें हवा असल्यामुळें प्रत्येक वस्तु पाऊणपट अंतरावर आणि सव्वापटीहून मोठी दिसते. आमचे स्नेही सांगतात कीं, पहिल्या महिन्यांत त्यांनीं हातभर लांबीचे म्हणून जे मासे मारिले ते होडींत येईतों वीतभर होत.

हौसेची पारध म्हणून या गोष्टीला रूप आलें तें १९३० नंतरच्या दशकांत, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. गाय गिलपॅट्रिक नांवाचा एक अमेरिकन लेखक तेथें राहत असे. पाण्यांत पाहण्याचे चष्मे आणि भाला घेऊन मासे कसे मारावे यावर त्यानें १९३८ सालीं एक विनोदी पुस्तक लिहिलें आणि तें पुष्कळांचें वेड होऊन बसलें. हान्स हास नांवाच्या व्हिएन्नाच्या एका विद्यार्थ्यानें १९३७ सालीं त्याच किनाऱ्यावर गिलपॅट्रिकला पारध करितांना पाहिलें आणि तोही भाला घेऊन उतरला. पण थोड्याच दिवसांत त्याच्या हातांत भाल्याच्या जागीं कॅमेरा आला, व पाण्याखालच्या छायाचित्रणाचा तो एक आद्य पुरुष ठरला. पुढें असाच प्रकार ऑस्ट्रेलियांत झाला. रॉन टेलर यानें १९६५ सालीं ताहिती येथें भालापारधीचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि त्यानंतर हा खेळ सोडून पत्नी व्हॅलेरीसह आयुष्यभर शार्क माशांचे बोलपट काढले. सर्वांत तरबेज पारध्यांनींच भाला खालीं ठेवावा, हें आम्हांस विचार करण्यासारखें वाटलें.

परंतु आईचा प्रश्न अगोदर घेऊं, कारण जीव वांचला तर धर्म.

पाण्यांत दर दहा मीटर, म्हणजे सुमारें तेहतीस फूट खोलीला, हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब अंगावर पडतो. दहा मीटरांवर फुप्फुसांतली हवा निम्मी होते, वीस मीटरांवर तिसरा हिस्सा उरते. कानाचे पडदे आंत दाबले जातात. नाक चिमटींत धरून हळूच हवा कोंडली म्हणजे ते मोकळे होतात, आणि सर्दी असेल त्या दिवशीं तें साधत नाहीं, म्हणून त्या दिवशीं घरींच बसावें. हे सर्व त्रास जाणवणारे आहेत. जाणवत नाहीं तोच खरा वैरी.

मनुष्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायु संपला म्हणून, अशी आपली समजूत असते. वस्तुतः रक्तांत उच्छ्वासाचा दूषित वायु, ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो सांचला कीं छाती तडफडूं लागते. प्राणवायु कमी झाल्याची वर्दी शरीर जवळजवळ देतच नाहीं. आतां एखादा उत्साही तरुण बुडी मारण्यापूर्वीं जोरजोरानें दहावीस श्वास घेतो. त्याला वाटतें प्राणवायूचा सांठा केला. सांठा फारसा होत नाहीं. उलट दूषित वायु मात्र बाहेर जातो, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपविल्यासारखें होतें. खोल पाण्यांत दाबामुळें उरलासुरला प्राणवायु रक्तांत शिरत राहतो आणि त्याला अगदीं स्वस्थ वाटतें. मग तो वर येऊं लागतो. दाब उतरतो, फुप्फुस पुन्हां फुगतें, आणि त्यांतल्या प्राणवायूचा जोर एकदम निम्म्यावर येतो. पृष्ठभाग दोनचार हातांवर राहिला असतां, किंवा वर येऊन एक श्वास घेतल्यावरसुद्धां, माणूस दिवा मालवावा तसा बेशुद्ध होतो. ओरडणें नाहीं, हातपाय झाडणें नाहीं. चांगले पोहणारे लोक उथळ पाण्यांत बुडाल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतों, त्यांपैकीं कांहींचें कारण हेंच असतें.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांना प्राणायाम परिचित आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करून या श्वासोच्छ्वासावर प्रयोगशाळेंत अभ्यास सुरू केला, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. तथापि आसनावर बसून केलेला कुंभक आणि पाण्याखालचा कुंभक यांत एक भेद आहे: आसनावर मूर्च्छा आली तर देह जमिनीवर कलंडतो आणि श्वास आपोआप सुरू होतो, पाण्यांत तोच श्वास पाणी ओढितो.

याच ठिकाणीं मित्राचें काम सुरू होतें. स्नेह्यांनीं सांगितलेली हकीकत त्यांच्याच ओघांत देतों. १९८४ सालचा फेब्रुवारी महिना. ते व बेटावरचा त्यांचा एक सोबती, दोघे तटाबाहेर होडी नांगरून उतरले. सोबत्याचा बाप नावाडी, आजा नावाडी. त्याचा एकच नियम होता कीं, एक खालीं तर एक वर. दोघांनीं मिळून बुडी कधीं मारावयाची नाहीं. वरच्यानें पाण्यांत तोंड घालून खालच्यावरून नजर हलवावयाची नाहीं, आणि खालचा वर आल्यावरही मनांतल्या मनांत तीस आंकडे मोजीतोंपर्यंत त्याच्याकडेच पाहावयाचें. आमच्या स्नेह्यांना हा नियम कंटाळवाणा वाटे, कारण त्यामुळें अर्धा दिवस दुसऱ्याची पाठ बघण्यांत जाई.

त्या दिवशीं सुमारें बारा मीटरांवर त्यांनीं एका हेकरूला भाला मारिला. हेकरू हा खडकांतल्या बिळांत राहणारा जाड ओठांचा, तापट चेहऱ्याचा मासा. भाला लागतांच तो बिळांत शिरला आणि कल्ले फुगवून बसला. दोरी ताठ झाली. “मास्तर,” स्नेही म्हणतात, “त्या वेळीं सोडून द्यावें हें मनांत येतच नाहीं. भाला आपला, मासा आपला, मग श्वास कोणाचा हें विसरायला होतें.” दोन वेळां त्यांनीं हिसका दिला, तिसऱ्यांदां पाय खडकाला लावून ओढिलें, आणि मग दोरी सोडून ते वर निघाले. पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा चकाकतांना त्यांना आठवतो. पुढची आठवण एकदम होडीच्या फळीची, आणि तोंडावर बसणाऱ्या चापट्यांची. मध्यें काय झालें तें सोबत्यानें सांगितलें: दोन हात पाणी राहिलें असतां स्नेह्यांचे पाय थांबले आणि ते दगडासारखे परत खालीं जाऊं लागले. तो वरूनच पाहत होता म्हणून एका बुडींत त्यानें त्यांचे केंस धरिले, वर आणलें, मुखवटा ओढून काढला व तोंड पाण्याबाहेर धरून नांवानें हांका मारीत राहिला. सगळें मिळून अर्धें मिनिट. स्नेह्यांना मात्र आपण बेशुद्ध झालों होतों हेंच पटेना. ते भाला कोठें आहे म्हणून विचारीत होते.

सोबती त्या दिवशीं पुन्हां पाण्यांत उतरूं देईना. घरीं नेऊन त्याच्या आईनें त्यांना भात आणि नारळाचें पाणी दिलें, आणि काय झालें तें मुलानें सांगितल्यावर तिनें स्नेह्यांना नव्हे, आपल्या मुलालाच रागें भरलें, कीं परक्या आईच्या लेकराला तूं इतक्या खोल जाऊं दिलेंसच कसें. हें सांगतांना आमच्या स्नेह्यांचा आवाज अजून बदलतो. मालवणास राहणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या मातोश्रींना ही गोष्ट शेवटपर्यंत कळली नाहीं.

आतां आजीबाईंचा प्रश्न. तो ऐकून आम्हांस प्रथम वाल्मीकींचा निषाद आठवला. निषादानें पक्षी मारिला हें पोटासाठींच. मग ऋषींच्या तोंडून शाप निघाला तो कशामुळें? क्रौंचांची जोडी रतिकालांत होती, आणि त्यांतला एक मारिला, यामुळें. आमच्या समजुतीप्रमाणें हा भेद मोठा मार्मिक आहे आणि मासेमारीलाही तो जसाच्या तसा लागूं पडतो. पावसाळ्याच्या तोंडीं पुष्कळ मासे अंडीं घालतात. आपले कोंकणांतले नावाडी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होड्या पाण्यांत लोटीत नसत, आणि आजच्या सरकारनेंही पावसाळ्यांत यांत्रिक बोटींना बंदी ठेविली आहे. तिकडे चढणीचा मासा मारणारा मात्र नेमका अंडीं घालावयास निघालेलाच मासा मारतो. त्या रात्रीचें वर्णन आमचे स्नेही कितीही रंगवून करोत, आम्हांस तो प्रकार मनास येत नाहीं.

भाल्याच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. जाळें सरसकट ओढितें. त्यांत कासव सांपडतें, पिल्लें सांपडतात, आणि नको तें मरून परत समुद्रांत जातें. भाल्यानें मारणारा एक मासा पाहतो, त्याची जात ओळखतो, आकार ठरवितो आणि मगच सोडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तर भाला उपकारक ठरला आहे. आपल्या बाजूच्या समुद्रांतला सिंहमासा, विषारी कांट्यांचा आणि भलताच खादाड, १९८५ सालीं प्रथम फ्लॉरिडाजवळ आढळला आणि पुढें कॅरिबियन बेटांभर पसरून तेथील लहान माशांचा फडशा पाडूं लागला. तो गळाला क्वचितच लागतो. म्हणून तेथें भाला घेऊन त्याला मारण्याच्या स्पर्धा भरवितात.

पण भाल्याचा जो गुण तोच त्याचा दोष आहे. निवडून मारावयाचें म्हटल्यावर पारधी निवडतो तो सर्वांत मोठा मासा. हेकरूच्या पुष्कळ जातींत एक चमत्कार आहे: मासा जन्मतो तो मादी म्हणून, आणि वाढून मोठा झाल्यावर त्यांतल्या कांहींचे नर होतात. म्हणजे एका खडकावरचे तीनचार मोठे मासे मारिले कीं त्या वाड्यांतले कर्ते पुरुषच गेले. तीच कथा पोपटमाशाची. हा हिरवा-निळा मासा चोंचीसारख्या दातांनीं प्रवाळावरचें शेवाळ खरवडून खातो. पाण्याखालीं त्याचा आवाज फुटाणे खाल्ल्यासारखा स्पष्ट ऐकूं येतो. शेवाळाबरोबर चुनाही पोटांत जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. मोठ्या जातींतला एक मासा वर्षाला शेंकडों किलो वाळू करितो, आणि ज्या शुभ्र पुळणीवर आपण छायाचित्रें काढून घेतों तिचा बराच भाग असाच तयार झालेला असतो. रात्रीं कांहीं पोपटमासे आपल्याभोंवतीं लाळेची मच्छरदाणी विणून त्यांत निजतात. अशा निजलेल्या माशाला दिव्याच्या उजेडांत भाल्यानें मारणारे लोक आहेत. याला पारध कसें म्हणावें तें आम्हांस कळत नाहीं.

ऑस्ट्रेलियांत १९५० व १९६० च्या दशकांत ‘ग्रे नर्स’ नांवाचा शार्क असाच संपत आला. दिसावयास भयंकर, दांत बाहेर आलेले, स्वभावानें गरीब. पण त्याला मारलें कीं फोटो भारी येई. १९८४ सालीं न्यू साउथ वेल्स सरकारनें त्याला कायद्यानें अभय दिलें; शार्कला असें अभय मिळाल्याचें हें जगांतलें पहिलें उदाहरण मानतात. मालदीव देशांत भालापारध मुळांतच मना आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं प्रवाळें आणि व्हेल शार्क यांचा समावेश झाला. तेव्हांपासून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशांत घालून आणणें हाही गुन्हा आहे. प्रवासाहून परतणाऱ्या भगिनींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

हें सर्व कानांनीं ऐकलें, पुस्तकांत वाचलें. डोळ्यांनीं पाहावें म्हणून गेल्या माघांत स्नेह्यांबरोबर आम्ही मालवणास गेलों. सिंधुदुर्ग किल्ला बांधावयास शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं आरंभ केला, हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना सांगत आलों. त्या किल्ल्याच्या पायथ्याशीं पाण्यांत प्रवाळें आहेत हें मात्र क्रमिक पुस्तकांत कधीं नव्हतें. किल्ला व शेजारचें पद्मगड बेट यांच्या भोंवतालचें २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तेथील मच्छीमारांचा त्यास आरंभापासून विरोध आहे, आणि तो नुसता आडमुठेपणा नव्हे. दोन पिढ्यांपूर्वीं सारा गांव मिळून किनाऱ्यावरून रापण ओढी आणि वांटे घाली. ती रापण यांत्रिक बोटींनीं मोडली. आतां उरल्यासुरल्या पाण्यांत नकाशावरची रेघ आली, तर त्यांनीं जावें कोठें? स्नेह्यांचे शाळासोबती याच पक्षाचे आहेत, आणि त्यांच्या पडवींत बसून चहा घेतांना आम्हांस त्यांना उत्तर देतां आलें नाहीं.

होडीवाल्यानें आम्हांस पोहण्याचें जाकीट बांधिलें, मुखवटा घातला, आणि साठी उलटलेल्या आमच्या देहाला दोराच्या आधारानें पाण्यांत सोडिलें. भाला अर्थातच नव्हता. लक्षद्वीपासारखें पारदर्शक पाणी मालवणास नाहीं. नद्यांचा गाळ येतो, त्यामुळें सर्व कांहीं हिरवट धुक्यांतून दिसतें. प्रथम कांहींच दिसेना. मग खालीं ताटाएवढें एक तपकिरी, खडबडीत, मेंदूसारखें वळ्यावळ्यांचें प्रवाळ दिसलें, आणि त्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांचे पांचसहा मासे आमच्याकडे पाहत स्थिर राहिले. त्यांना आमची भीति वाटली नाहीं. शेजारच्या होडींतून कोणी पावाचे तुकडे टाकीत होतें, तिकडे ते निघून गेले. खडकावरचें खाणें सोडून माशांना मैद्याची संवय लावण्याचा हा उद्योग आम्हांस भाल्याइतकाच आक्षेपार्ह वाटतो. स्नेही त्रेसष्टाव्या वर्षीं नुसत्या श्वासावर खालीं गेले. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही पाण्यांत तोंड घालून त्यांची पाठ बघत राहिलों आणि ते वर आल्यावर तीस आंकडे मोजले. एकोणतिसावर ते म्हणाले, “पुरे, मास्तर.”

परततांना त्यांनीं भाला कां सोडला तें सांगितलें. त्या दिवसाच्या भीतीनें नव्हे; त्यानंतरही वर्षभर ते पारध करीत होते. १९९८ सालीं समुद्र अतोनात तापला, आणि ताप सहन न होऊन जगभरच्या प्रवाळांनीं आपल्या अंगांतलें शैवाल बाहेर टाकिलें. तें गेलें कीं प्रवाळ पांढरें पडतें आणि पुष्कळदां मरतें. लक्षद्वीपाला त्याचा जबर तडाखा बसला. दुसऱ्या वर्षीं स्नेही सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. दोघे होडी घेऊन त्याच जागीं गेले. कडा होता, बिळें होतीं. प्रवाळावर मात्र राखेसारखें शेवाळ चढलें होतें. एका बिळाच्या तोंडाशीं एक हेकरू जाड ओठ मिटून बसला होता. सोबत्यानें विचारलें, “मारावयाचा?” स्नेही म्हणाले, “हा एकटाच दिसतो.” दोघेही तसेच परत आले. पुढें २०१० आणि २०१६ सालीं तसेच ताप आले; २०२४ सालीं पुन्हां आला.

नातवाला आजोबांनीं जें पत्र पाठविलें त्यांत आमच्या स्नेह्यांच्या सांगण्यावरून एवढेंच होतें: एकट्यानें कधीं उतरूं नये; मित्र वर असल्याशिवाय खालीं जाऊं नये; धापा टाकून श्वास कोंडूं नये; जितका वेळ खालीं काढिला त्याच्या दुप्पट वर विश्रांति घ्यावी; दोरी अडकली तर ती तत्काळ सोडावी, भाला बाजारांत मिळतो. आजीबाईंनीं खालीं आपल्या हातानें एक ओळ घातली, कीं मारलेला मासा तूं खातोस, कीं नुसता मारतोस? पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. मित्राच्या घरीं पांच माणसें आहेत, दोन मासे पुरतात, तेवढेच मारतों. मी स्वतः अजून खाल्लेला नाहीं, पण साफ करावयास शिकलों आहें. आजीबाईंना हें उत्तर पुरेसें वाटलें कीं नाहीं, हें त्यांनीं कोणास सांगितलेलें नाहीं. मात्र काकांनीं विषय पुन्हां काढला तेव्हां त्यांनीं त्यांना गप्प बसविलें.

स्नेह्यांचा भाला त्यांच्या घरीं अजून आहे. त्याचें टोंक काढून टाकिलें असून उंचावरच्या दांडीवर लुगडीं वाळत घालण्यास वहिनी त्याचा उपयोग करितात. वजनाला हलका आहे आणि गंजत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.